डार्क: सोलापूरच्या मे महिन्यात बघितलेला जर्मन पाऊस

आधी एक सांगून ठेवतो, ही सिरीज दुपारी बघायची नाही. मी पहिल्यांदा रविवारी दुपारी दोन वाजता लावली होती, जेवण झालेलं, बाहेर डांबर मऊ पडेल असलं ऊन, पडदा ओढला तरी फटीतनं उन्हाची एक पट्टी बरोब्बर टीव्हीवर, आणि स्क्रीनवर काय चाललंय तर काळ्यात काळं. वीस मिनिटांत मला त्यात माझं स्वतःचं बनियन दिसायलं. बंद केली, बायकोला म्हणलं काय दम नाही हिच्यात, लोकांनी उगं डोक्यावर घेतलीय. त्यानंतर तीन वर्षं हात लावला नाही.

तर डार्क. जर्मन सिरीज, नेटफ्लिक्सवर. पहिला सीझन डिसेंबर २०१७ ला आला, दुसरा जून २०१९, तिसरा आणि शेवटचा जून २०२०. दहा, आठ, आठ असे एकूण २६ भाग. म्हणजे रिव्ह्यू लिहायला मी लईच लेट आहे, पण या मे महिन्यात मामा आमच्याकडं राहायला आले आणि त्यांच्यामुळं परत लावली, आणि मामांसोबत बघितली म्हणून मला ती कळली असं माझं प्रामाणिक मत आहे. मामांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता, नवी पेठेच्या मागं, एक खोली आणि त्याच्या आत अजून एक डार्करूम. ब्लॅक अँड व्हाईट धुण्यापासून ते लग्नाच्या शूटिंगपर्यंत सगळं केलेला माणूस. दोन महिन्यांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांना निळा रंग परत दिसायला लागलाय, म्हणजे डोळ्यातली भिंग वयानं पिवळट होत जाते तसा निळा मरत जातो आणि नवीन भिंग बसवली की एकदम सगळं निळं चकचकीत दिसतं, तर ते घरभर फिरून सांगत होते की ही बादली निळी आहे, मला वाटत होतं राखाडी. अशा माणसाला मी डार्क दाखवली. योगायोगच म्हणायचा.

बघायची सोय अशी. रात्री अकरानंतर, सगळे लाइट बंद, देवघरातला झिरो बल्ब पण बंद (आईनं त्याला परवानगी द्यायला दोन दिवस घेतले). डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं जातात, त्यामुळं मधे उठून फ्रिज उघडला की परत पहिल्यापासून. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते पिक्चर गुळगुळीत करणारं मोशनचं जे काही असतं ते आधी बंद करा, नाहीतर सगळी जर्मन माणसं सासू-सुनेच्या सिरीयलमधली वाटतात. आणि आवाज. आमचा कूलर म्हणजे विमान, त्याच्यापुढं डायलॉग ऐकू येईनात, शेवटी कूलर पॅसेजमध्ये नेऊन ठेवला आणि घामात बघितली. त्यांच्याकडं सतत पाऊस, सगळे जाकिटात, तोंडातनं वाफा, आणि इकडं मी, मामा आणि बायको, तिघं ओला पंचा खांद्यावर टाकून. आई मधेच येऊन दोन मिनिटं बघून गेली आणि म्हणाली, आरं किती पाऊस तो, हिकडं पाठव म्हणावं जरा.

स्टोरी जास्त सांगत नाही, पण सुरुवात सांगायला हरकत नाही. विंडेन नावाचं गाव. सिरीजमधलं हे गाव काल्पनिक, शूटिंग बर्लिनच्या आसपासच्या भागात झालंय. जंगल, गुहा आणि एक अणुवीज प्रकल्प जो आता बंद व्हायच्या बेतात आहे. २०१९ साल. एका पोराच्या बापानं आत्महत्या केलेली, आणि मागं एक पाकीट, त्यावर लिहिलेलं की ४ नोव्हेंबरला रात्री १० वाजून १३ मिनिटांच्या आधी उघडायचं नाही. त्याच रात्री गुहेजवळनं एक लहान पोरगं गायब होतं. आता तुम्हाला वाटतं पोलीस शोधणार, कुणीतरी नराधम निघणार. पण प्रश्न पोरगं कुठं गेलं हा नाहीच, केव्हा गेलं हा आहे. बास, पुढचं स्वतः बघा.

पहिला भाग संपला तेव्हा मी मामांना विचारलं, कसं वाटलं. मला वाटलं स्टोरीबद्दल बोलतील. ते म्हणाले, "ह्यांनी लाइट मारलेलाच नाही रे. लाइट काढून घेतलाय."

मला काही कळेना. मग त्यांनी मोबाईलचा टॉर्च घेतला, माझ्या तोंडाच्या एका बाजूला धरला, आणि दुसऱ्या बाजूला पांढरी उशी. म्हणाले आरशात बघ. तोंड दोन्हीकडनं उजळलेलं. मग उशी काढून तिथं माझी काळी पँट धरली. अर्धं तोंड गायब. नाकाच्या पलीकडं नुसता अंधार, डोळ्याच्या जागी खड्डा. "उशी लाइट परत फेकते, काळं कापड पिऊन टाकतं. ह्या लोकांनी प्रत्येक माणसाच्या अंधाऱ्या बाजूला काहीतरी काळं धरलं असणार," मामा म्हणाले. "लग्नात आम्ही उलटं करायचो. दोन हॅलोजन, एक छत्री, नवरीच्या तोंडावर सावली दिसली तर तिचा बाप पैसे कापायचा."

हे एकदा डोक्यात बसल्यावर पुढचे पंचवीस भाग मी तेवढंच बघत बसलो. घरात माणसं बसलेली असतात, दिवसाची वेळ असते, आणि लाइट फक्त खिडकीतनं येतो, तोही ढगाळ. टेबलाच्या अलीकडची बाई खिडकीकडं तोंड करून, म्हणून तिचं तोंड दिसतं, पलीकडचा नवरा पाठमोरा, त्याचा नुसता आकार. आता नवरा खोटं बोलतोय हे आपल्याला त्याच्या तोंडावरनं कळायची सोयच ठेवली नाही, मग आपण त्याच्या खांद्याकडं, हाताकडं बघत राहतो आणि संशय आपणच तयार करतो. असली भीती. भूत नाही, किंचाळणं नाही, दार धाडकन उघडणं तर जवळजवळ नाहीच. कॅमेरा इंच इंच पुढं सरकतो, इतका हळू की आधी कळत नाही, मग बघता बघता माणसाच्या बाजूची रिकामी जागा कमी झालेली असते आणि तुम्ही जिथनं बघत होता तिथनं आत ओढले गेलेले असता. निकोलाउस झुमेरर असं कॅमेरामनचं नाव आहे, सगळे २६ भाग याच एका माणसानं शूट केलेत, आणि डायरेक्टर बारान बो ओदार यानंही सगळे २६ एकट्यानंच केलेत. नाहीतर सिरीजमध्ये दर दोन भागांना माणूस बदलतो आणि ते दिसून येतं, गवंडी बदलल्यावर भिंतीचा प्लास्टर दिसतो तसं.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग आणि कापड बघतो. सोलापुरात या धंद्यातल्या कुणालाही विचारा, सगळ्यात मोठी डोकेदुखी कुठली, तर शेड. एकाच मिलचा, एकाच नंबरचा नेव्ही ब्लू, पण लॉट बदलला की शेड बदलते, ट्यूबलाइटखाली सेम दिसते आणि उन्हात नेलं की शर्टाची बाही वेगळी, पाठ वेगळी. म्हणून माझी नजर रंगावर लवकर जाते. या सिरीजमध्ये सगळी दुनिया राखाडी, ओल्या झाडाच्या सालीचा तपकिरी, शेवाळी हिरवा, आणि त्याच्यात एक पिवळा रेनकोट. हिरोचा. योनास त्याचं नाव. जंगल वरनं दाखवतात, मधनं बारीक रस्ता, आणि त्यावर ती पिवळी टिकली सरकत जाते. एवढं सोपं आहे. पण तो पिवळा वापरायला धीर लागतो, कारण बाकी फ्रेममध्ये दुसरा कुठलाच पिवळा येऊ द्यायचा नाही, कुणाची छत्री नाही, बोर्ड नाही, गाडी नाही. आपल्याकडं असला पिवळा टिकलाच नसता. मागनं रिक्षा गेली असती, पलीकडं लिंबाचा गाडा, वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा डिजिटल फ्लेक्स. तीन सीझन त्यांनी तो पिवळा जपून वापरलाय आणि तिसऱ्या सीझनमध्ये तोच रेनकोट वेगळ्याच अंगावर बघितल्यावर पोटात गोळा येतो, का ते सांगत नाही.

आणखी एक, १९८६ साल दाखवायचं म्हणून त्यांनी सगळं पिक्चर पिवळट करून टाकलं नाही. आपल्या सिनेमात जुना काळ आला की चहा सांडल्यासारखा रंग येतो बघा. इथं तसं नाही. ऊन तेच, ढग तेच, पाऊसही तोच. फक्त भिंतीचा वॉलपेपर, सोफा, स्वेटर, गाड्या, केस यांच्यातनं तपकिरी आणि नारिंगी आपोआप येतो. म्हणजे काळ कापडातनं आलाय. याला मी शंभरपैकी शंभर देतो, कारण हे काम कॅमेऱ्याइतकंच कपडेवाल्यांचं आहे आणि कपडेवाल्यांना कधी कोण विचारत नाही.

पण या सगळ्याच्या पुढची एक गोष्ट आहे जी मला पहिल्या सीझनच्या शेवटाकडं कळली आणि मग झोप लागली नाही. कॅमेरा सारखा त्याच जागी उभा राहतो. गुहेचं तोंड, बसस्टॉप, शाळेचं आवार, हॉस्पिटलचा पॅसेज, अमक्याचं स्वयंपाकघर. २०१९ मध्ये जिथनं दाखवलं, १९८६ मध्येही तिथनंच, १९५३ मध्येही तिथनंच. खुर्ची बदलते, माणूस बदलतो, खिडकी तीच. काही भागांत तर स्क्रीन उभी कापून एका बाजूला पोरगी आणि दुसऱ्या बाजूला तीच म्हातारी झालेली, दोघी एकाच बाजूला मान वळवून. आणि दोन्ही नट्या इतक्या सारख्या दिसतात की तुम्ही म्हणाल मेकअप केलाय, तर नाही, वेगळी माणसं आहेत.

हे मी मामांना सांगायला गेलो तर ते म्हणाले माझ्या स्टुडिओत काय होतं आठवतंय का. मागं एक रंगवलेला पडदा, त्यावर बंगला, तळं आणि दोन हंस. पुढं एक स्टूल. आणि कॅमेऱ्याच्या स्टँडच्या तीन पायांच्या जागी फरशीवर ऑइलपेंटचे तीन ठिपके, की रोज मापायला नको. वीसेक वर्षं तोच पडदा, तोच स्टूल, तेच ठिपके. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत खेड्यापाड्यातनं माणसं यायची आणि दरवर्षी जानेवारीत फोटो काढायची. "एक पोरगं होतं, आईच्या मांडीवर, टोपी घालून, रडत होतं. मग ते स्टुलावर एकटं बसलं. मग मिशी आली. मग बायको घेऊन आला. मग त्याच्या मांडीवर टोपी घातलेलं पोरगं. रडत होतं. मी फोटो धुताना घाबरलो रे, मला वाटलं जुनी निगेटिव्ह लावली की काय." एवढं बोलून ते पाणी प्यायला गेले. मी रिमोट हातात घेऊन तसाच बसलो. पडद्यावरचे हंस काय म्हातारे होत नाहीत.

या सिरीजमध्ये एक खोली आहे. पहिल्याच भागात दिसते म्हणून सांगतो. लहान पोरांच्या खोलीसारखा रंगीत वॉलपेपर, पलंग, टीव्हीवर जुनं गाणं लागलेलं, आणि मधोमध एक खुर्ची. बाकी सगळ्या सिरीजमध्ये इतका अंधार आणि ही एकच जागा अशी आहे की जिथं भरपूर उजेड आहे, स्वच्छ रंग आहेत. आणि सगळ्यात जास्त भीती तिथं वाटते. बायको त्या खोलीचा सीन आला की उठून किचनमध्ये जायची, आणि तिकडनं ओरडून विचारायची, गेली का ती खोली? हे लई डोक्यानं केलंय. अंधाराची सवय लावायची आणि मग लाइट लावून घाबरवायचं.

आता ३३ वर्षांचं. सिरीजमध्ये सगळं दर ३३ वर्षांनी फिरून येतं, २०१९, १९८६, १९५३, आणि कारण असं देतात की सूर्याचं आणि चंद्राचं चक्र ३३ वर्षांनी जुळतं. मला वाटलं हे काहीतरी जर्मन फेकाफेकी. पण जरा विचार केला तर आपल्याला माहीत असलेलीच गोष्ट आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा ११ दिवस कमी. आपण पंचांगात अधिक महिना घालून ते जमवून घेतो, आणि दाते पंचांगाच्या गावातल्या माणसाला हे समजवायला लागू नये. पण हिजरी कॅलेंडरमध्ये अधिक महिना नसतो, त्यामुळं रमजान दरवर्षी अकराएक दिवस मागं सरकत जातो, थंडीतनं पावसाळ्यात, पावसाळ्यातनं उन्हाळ्यात, आणि साधारण ३३ वर्षांनी परत त्याच जागी. मी कारखान्यात आमच्या ओव्हरलॉकवाल्या चाचांना सहज विचारलं, चाचा, १९८६ चा रमजान कधी होता आठवतंय का? ते मशीन न थांबवता म्हणाले, मे महिन्यात. मी म्हणलं इतकं पक्कं? तर म्हणाले, "मेरा पहला रोजा था भाई, सोलापूर की मे की धूप में, भूलूंगा क्या?" मग स्वतःच मशीन थांबवून म्हणाले, माझ्या धाकट्याचा पहिला रोजा २०१९ ला, तो पण मे मध्येच. मी घरी येऊन मोबाईलवर १९५३ चा बघितला. तो पण मे. २०१९, १९८६, १९५३, सिरीजमधली तिन्ही वर्षं. चाचांनी डार्क बघितलेली नाही आणि त्यांना मी सांगितलं पण नाही. मला मात्र त्या दिवशी विजापूर वेशीतनं गाडी काढताना उगंच मागं बघावंसं वाटलं.

बरं, नाती. लोक म्हणतात डार्क कळत नाही, नाती लई गुंतागुंतीची. चार घराणी आहेत, कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर आणि टीडेमान, आणि प्रत्येक माणूस लहान, मोठा, म्हातारा असा दोन-तीन रूपांत. कागद-पेन घेऊन बसा हा सल्ला मी पण देतो. आम्ही गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर झाड काढलं आणि फ्रिजला चिकटवलं. समोरच्या घरातल्या काकू साखर मागायला आल्या, पद्मशाली आहेत, घरात तेलुगू बोलतात, त्यांनी ते झाड दोन मिनिटं बघितलं आणि बोट ठेवून सांगितलं ही हिची अशी लागते, म्हणून तो तिचा तसा लागतो. बरोबर सांगितलं! मी म्हणलं काकू तुम्ही बघितली का ही? त्या म्हणाल्या, "बघायला कशाला पाहिजे, आमच्यात मामाच नवरा असतो, आम्हाला लहानपणापासनं सवय आहे." जर्मनीनं सोलापूरला कमी समजू नये.

गावाचं पण असंच. विंडेनमध्ये कुठनंही बघा, झाडांच्या मागं प्रकल्पाचे ते धुराडे-टॉवर दिसतातच. अर्ध्या गावाची भाकरी त्यावर. ते बंद झालं तर काय, हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. माझे आजोबा गिरणीत होते, आमच्या घरात घड्याळ नव्हतं तेव्हा भोंग्यावर सगळं चालायचं असं वडील सांगायचे. गिरण्या गेल्या. मग आम्ही लहान असताना होटगी रोडला साखर कारखाना, त्याची चिमणी, पुढं कारखान्याची जी मोठी चिमणी झाली ती जून २०२३ मध्ये विमानतळासाठी पाडली, अख्खं शहर गच्चीवर चढून व्हिडिओ काढत होतं. अजूनही त्या रस्त्यानं गेलं की मान आपोआप तिकडं वळते आणि तिथं आभाळ असतं. डार्कमधले ते टॉवर बघताना मला हे सारखं आठवायचं. फ्रेमच्या कोपऱ्यात, आऊट ऑफ फोकस, पण असतातच. सिरीज त्यावर बोट ठेवून कधी बघा बघा करत नाही.

तक्रारी पण आहेत, नाहीत असं नाही. एक म्हणजे विनोद नाही. २६ भागांत मी मोजून दोनदा हसलो असेन. या गावात लग्न, बारसं, क्रिकेट काही होतच नाही का? कुणी पोटभर जेवत पण नाही, सगळे नुसते टेबलावर बसून एकमेकांकडं बघतात आणि अन्न गार होतं. दुसरं, गुहेत जाताना इतकुसा टॉर्च. तीनदा जाऊन आलास ना तू आत, मग चौथ्यांदा तरी चांगला टॉर्च घे की बे. तिसरं, संगीत. सुरुवातीला तो खालनं येणारा घुरघुराट अंगावर येतो, बेन फ्रॉस्टचं काम आहे आणि जबरदस्त आहे, पण दुसऱ्या सीझनमध्ये कुणी नुसतं दार उघडलं तरी ते वाजायला लागतं. कॅमेरा गप्प बसून जे करतोय ते संगीत येऊन ओरडून सांगतं, असं दोन-चार ठिकाणी झालंय. आणि तिसरा सीझन. त्यात आरशाचा खेळ आहे, डावं-उजवं उलटं, घर तेच पण जिना भलत्या बाजूला, आणि डोळ्यांना ते लगेच जाणवतं, सांगायला लागत नाही, ही कॅमेऱ्याची कमाल. पण डायलॉग तेच तेच. शेवट म्हणजेच सुरुवात आणि सुरुवात म्हणजेच शेवट, हे इतक्या वेळा म्हणतात की मामा एकदा झोपेतनं उठून म्हणाले, कळलं रे बाबा.

भाषा जर्मनच ठेवा, सबटायटल वाचा. इंग्रजी डबिंग मी पाच मिनिटं ऐकलं, सगळे हवामानाचा अंदाज सांगितल्यासारखं बोलतात. मामांना सबटायटल इतक्या फास्ट वाचता येत नव्हती म्हणून बायको शेजारी बसून चालू भाषांतर करायची, आणि तिचं भाषांतर म्हणजे "आता हा तिला म्हणायलाय की तू मला काहीच सांगितलं नाहीस, आणि ती म्हणायलीय तू तरी कुठं विचारलास". मला वाटतं मूळ डायलॉगपेक्षा ते बरं होतं.

आणि मोबाईलवर बघू नका, हात जोडून सांगतो. छोट्या मोबाईल प्लॅनवर पिक्चर ४८० पीच येतं, आणि अंधाराचे सीन दाबून छोटे केले की सगळ्यात आधी तेच फुटतात. साध्या ८ बिट पिक्चरमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, त्यातल्या तळाच्या मोजक्या पायऱ्यांवर ही अख्खी सिरीज उभी आहे. नेट जरा लंगडलं की भिंतीवरच्या सावलीचे पट्टे पडतात, समुद्राच्या नकाशात खोली दाखवतात तसे, आणि माणसाच्या तोंडाचे चौकोन. आमच्या नेटवाल्याकडं संध्याकाळी आठ ते अकरा बोंबच असते, म्हणून पण अकरानंतर.

एक मामांनी पकडलेलं सांगतो, मी चार भाग बघूनही पकडलं नव्हतं. क्लाउडिया नावाची बाई आहे, तिचा एक डोळा निळा आणि एक तपकिरी. तिच्या तिन्ही वयाच्या तिन्ही नट्यांना तसेच डोळे दिलेत. क्लोजअपमध्ये लाइट फक्त एका बाजूनं असल्यामुळं बऱ्याचदा एकच डोळा उजेडात येतो, त्यामुळं एका सीनमध्ये ती निळ्या डोळ्याची बाई आणि दुसऱ्या सीनमध्ये तपकिरी डोळ्याची. मामा म्हणाले एकाच डोळ्यानं निळं दिसत नव्हतं तेव्हा मी आळीपाळीनं डोळे मिटून दुनिया बघायचो, तशी ही बाई.

शेवटचा भाग आम्ही शनिवारी रात्री लावला. तिघंही गप्प. शेवटची दहा मिनिटं राहिली होती, सगळ्या गाठी सुटायला लागलेल्या, बायकोचा हात तोंडावर, आणि खालनं शेजाऱ्यांनी हाक मारली, "ओ, पाणी आलंय!" पाच दिवसांनी आलेलं पाणी. रात्रीचे अडीच. पॉज केलं आणि सगळे उठलो, मोटार लावली, पिंप, घागरी, कळश्या, कूलरची टाकी, मामांना म्हणलं तुम्ही बसा तर ते निळी बादली घेऊन रांगेत. तासभर गेला. परत आलो तर हॉलमध्ये अंधारात टीव्ही तसाच, थांबलेल्या फ्रेमवर खिडकीच्या काचेवरचा पाऊस, थेंब जागच्या जागी, आणि त्याच्या समोर आई, पदरानं हात पुसत उभी.

"ह्यांच्यात अजून चालूच हाय व्हय," म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. शेवटची दहा मिनिटं मग चौघांनी बघितली.